डाव्या काडीचा स्क्रू

दुकान,
मंगळवार, २८ जुलै
दुपारचे अडीच, गिऱ्हाईक नाही

चि. घुबडास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तूही तिकडे ठीक असशील असं धरून चालतो. मायना वाचला तर आई रागावेल. तिचं म्हणणं, पोरगी कॉलेजात गेली, आता निदान कागदावर तरी तिला माणसासारखी हाक मारा. पण सहा वर्षांची असताना तुझ्या एवढ्याशा तोंडावर मी पहिला चष्मा चढवला आणि तू मान गर्रकन फिरवून सगळं दुकान पाहिलंस, तेव्हापासून तू घुबडच आहेस. कॉलेजात गेल्याने घुबडाचा काही राघू होत नाही.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. फोन आला की तो आई उचलते. पाऊण तास तुम्ही दोघी बोलता आणि शेवटी "घे, बाबाशी बोल" म्हणून तो माझ्या हातात येतो. मी विचारतो, जेवलीस का. तू म्हणतेस, हो. मी म्हणतो, बरं. झालं आमचं बोलणं. शिवाय बायको पोस्टात खिडकीवर बसते आणि नवरा एक पत्र टाकत नाही, हे तिच्या खात्याला शोभत नाही. तर आता दुपारी दुकानात माणूस नसलं की नंबर लिहायच्या कागदांच्या पाठीवर तुला लिहायचं ठरवलं आहे. पुढच्या बाजूला कुणाचा नंबर दिसला तर वाचू नकोस, ते खासगी असतं.

तू गेल्यापासून तसा काही फरक नाही. तुझ्या खोलीचं दार आई लावून घेते, धूळ जाते म्हणून. मी उघडतो, हवा खेळावी म्हणून. दिवसातून चार-पाच वेळा ते उघडतं आणि लागतं, त्यामुळे बिजागरी कुरकुरायला लागली. मी तेल घातलं. दर रविवारी आपण दुकानाची काच पुसायचो, वरचा अर्धा भाग मी आणि खालचा तू. परवा मी सवयीने वरचा पुसून आत जाऊन बसलो. दुपारी समोरचा केशकर्तनवाला येऊन म्हणाला, "काय हो, दुकान कमरेखाली मळकं ठेवायची फॅशन आहे का?"

आई मात्र अगदी खंबीर आहे. तुझी गाडी सुटली तेव्हा तिने साधा रुमालही काढला नाही. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, पण त्या दिवशी काय गेलं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

तुझं ते जुनं प्रकरण आठवतं का? तुला नाही आठवणार, मला आठवतं. शाळेतून आलीस की तू दुकानातच खेळायचीस. दर सहा महिन्यांनी मी तुला तक्त्यासमोर उभी करायचो आणि तू सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ फडाफडा वाचायचीस. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, चष्मेवाल्याची पोर, नजर कशी लख्ख! मग एक दिवस तू कोपऱ्यातल्या खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाला "या काका, बसा" म्हणालीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून तुझा तक्ता तोंडपाठ होता. दिसत काहीच नव्हतं. सगळ्या गावाचे नंबर काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीला दिसत नाही हे सगळ्यात शेवटी कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की हिच्या चष्म्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

त्यावरून आठवलं, चष्मा कसा आहे? काचा नव्या आहेत, दोन-चार दिवस पायरी वर-खाली वाटेल, घाबरू नकोस. काडी ढिली वगैरे वाटत नाही ना? वाटली तर तिकडच्या एखाद्या दुकानात दाखवायला जाऊ नकोस. लोक धसमुसळे असतात. मला कळव. सुट्टीत आलीस की बघू.

कळावं असं अजून पुष्कळ आहे, पण गिऱ्हाईक आलं.

तुझा
बाबा

ता. क. चष्म्याचं लिहायला विसरू नकोस.


दुकान,
सोमवार, ३१ ऑगस्ट

चि. घुबडास आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मिळालं म्हणजे आईने पोस्टातून स्वतःच्या हाताने आणलं आणि जेवताना मोठ्याने वाचलं. तुला चार मैत्रिणी मिळाल्या, खोलीत उजेड आहे, जेवण बरं आहे, सगळं वाचून समाधान वाटलं. चष्म्याचा परिच्छेद आला तेव्हा मी आईला तो परत वाचायला लावला.

तर अंगणातल्या झाडावरचा पक्षी बघायला तू मान मागे टाकलीस, डावी काडी निसटली, चष्मा डोक्यावरून मागे गेला आणि मागच्या मुलीने तो झेलला! तिला माझा नमस्कार सांग. अशी माणसं सांभाळून ठेवायची असतात. पण नंतर तुम्ही त्या काडीला चिकटपट्टी गुंडाळलीत. माझ्या हातच्या फ्रेमला चिकटपट्टी! असो. तू लिहितेस, "बाबा, तुझ्याशिवाय कुणी त्याला हात लावलेला मला चालणार नाही. सुट्टीत घरीच येते, तू बसवून दे." हे वाक्य मी परत वाचायला लावलं नाही, कारण ते पहिल्याच वेळी पाठ झालं.

ये. अवश्य ये. स्क्रू बसवणं हे तसं पंधरा मिनिटांचं काम आहे, पण घाईने केलेलं टिकत नाही. म्हणून आठ दिवस तरी राहा.

ते पक्षी मोजायच्या शिबिराचं तू शेवटी दोन ओळींत लिहिलं आहेस. सुट्टीचे तेच आठ दिवस, तळ्याकाठी तंबू, पहाटे होडीतून फिरायचं, तुमच्या दुर्बीणवाल्या बाई स्वतः नेणार आणि पहिल्या वर्षाच्या फक्त बाराच जणांना जागा. बाईंनी तुला आपणहून विचारलं, हे ऐकून मला बरं वाटलं. पण तू म्हणतेस तेच खरं, असा ढिला चष्मा घेऊन कुठे जाणार? शिबिरं काय, होतच राहतात. पंधरा तारखेपर्यंत नाव द्यायची मुदत आहे म्हणतेस, तर ती सरळ जाऊ दे. घुबडाने बाकीचे पक्षी मोजायला जाणं तसंही जरा विचित्रच दिसलं असतं.

मी भयंकर आनंदात आहे. शनिवारी संध्याकाळी तुझ्या खोलीतला दिवा बदलला. रविवारी दुकानाची काच वरपासून खालपर्यंत एकट्याने पुसली. केशकर्तनवाल्याने बाहेर येऊन टाळ्या वाजवल्या.

आईचं काही समजत नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर तिने त्याची घडी घातली आणि म्हणाली, "सातवीपासून पक्षी पक्षी करत होती ना ही?"

मी म्हटलं, "हो. मग?"

"नवा नंबर लागला की तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"चार दिवस जमीन वर-खाली वाटेल, पण चष्मा काढू नका. सवय होईल."

"हं," म्हणाली.

"हं म्हणजे काय?"

"काही नाही. ताट उचला."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या बाईच्या "हं"चा नंबर मला अजून काढता आलेला नाही.

तू ये म्हणजे झालं. चिकटपट्टी रोज बदल, तिचा चिकटा काचेला लागू देऊ नकोस.

वाट पाहणारा
बाबा


दुकान,
मंगळवार, ८ सप्टेंबर

चि. घुबडास आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. म्हणजे आई ठीक आहे. माझं तुला सांगायचं आहे.

आज सकाळी मी तुला फोन केला होता. आई घरी नसताना, मुद्दाम. तू "बाबा?" म्हणालीस, तुला आश्चर्य वाटलं असणार. मी विचारलं, जेवलीस का. तू म्हणालीस, अरे, सकाळचे साडेनऊ वाजलेत. मी म्हटलं, बरं, आणि ठेवून दिला. मला ते विचारायचं नव्हतं. तोंडाने जमलं नाही, म्हणून आता हाताने करतो.

काल दुपारी आपले बसवाले काका आले होते, ते सात नंबरची बस चालवतात ते. त्यांनी दुसरीकडून स्वस्तात चष्मा करून घेतला आणि दर आठवड्याला त्याची काडी ढिली होते. माझ्यासमोर टेबलावर तो आपटून म्हणाले, "वळण घेतलं की हा उतरतो. मी रस्ता बघू की हा धरू?" मी स्क्रू काढला, पुसला, परत बसवला आणि वरून थेंबभर नेलपॉलिश लावलं. रंग नसलेलं, माझ्या खणात असतं ते. तो थेंब वाळला की स्क्रू जागचा हलत नाही. (लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आईला माझ्या खिशात ती बाटली सापडली होती आणि दोन दिवस घरात अबोला होता. ही गोष्ट तुला आईकडून अजून कळली नसेल तर आता कळली.)

काका म्हणाले, "बस्स? एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच. आता वर्षभर बघायला नको."

"मग तुम्ही हे सगळ्यांनाच का करत नाही?"

"करतो की," मी म्हटलं. "माझ्या दुकानातून थेंबाशिवाय एकही चष्मा बाहेर जात नाही."

काका गेले. मी बराच वेळ त्या बाटलीचं झाकण लावत बसलो.

घुबडा, एक चष्मा गेला. तुझा.

तू निघायच्या आदल्या दिवशी मी नव्या काचा बसवल्या ते आठवतं? तू घाई करत होतीस. उजव्या काडीचा स्क्रू मी पूर्ण आवळला, थेंब लावला, फुंकर घातली. डाव्या काडीचा आवळत आणला आणि अर्धा फेरा राहिला असताना थांबलो. थेंब लावला नाही. विसरलो नाही, हात थरथरला नाही, कुणी हाक मारली नाही. समजून उमजून केलं. पक्का हिशेबही केला होता की रोजच्या वापराने हा अडीच-तीन महिन्यांत सुटेल, म्हणजे बरोबर सुट्टीच्या तोंडावर. मग तुला घरी यावंच लागेल. सुटला पाच आठवड्यांत. तू इतके जिने चढत-उतरत असशील हे मी धरलं नव्हतं.

लोकांनी आपल्या मुलींना निघताना काय काय दिलं. मी खोट दिली, तीही तुझ्या डोळ्यांवर. लहानपणी तुला दिसत नाही हे मला कळलं नाही, ती चूक होती. ही चूक नाही. ही लबाडी आहे. आणि तू मला लिहितेस की माझ्याशिवाय कुणी हात लावलेला चालणार नाही. त्या दिवशी मला वाटलं की मी जिंकलो. चांगले आठ दिवस मी जिंकल्यासारखा वावरत होतो, दिवे बदलत होतो, काचा पुसत होतो. आईने "हं" म्हटलं तेव्हाच मला समजायला हवं होतं. ती वर्षानुवर्षं पत्रं पुढे धाडते. आलेलं टपाल धरून ठेवणारा माणूस तिला लांबून ओळखू येत असणार.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तुझं इथे काही काम उरणार नाही याची. आई फोनवर बोलते, तिचं तुझं जमतं. माझं तुझं जे काय होतं ते सगळं या टेबलावर झालं. दर सहा महिन्यांनी तू समोरच्या स्टुलावर बसायचीस, मी तुझी हनुवटी धरून चष्मा सरळ करायचो आणि तेवढ्यात तू मला शाळेतलं सगळं सांगून टाकायचीस. मला वाटलं, चष्मा नीट असला तर तू कशाला बसशील त्या स्टुलावर?

तर आता नीट ऐक. सोबत माझा छोटा स्क्रूड्रायव्हर पाठवतो आहे, लाकडी मुठीचा. लहानपणी तुला हवा असायचा आणि मी "हात लावू नकोस" म्हणून ओरडायचो, तोच. चार सुटे स्क्रूही आहेत, कारण पहिला तुझ्या हातून पडणार. पांढऱ्या कापडावर काम कर, पडला तर दिसतो. काडी आणि फ्रेमची भोकं एका रेषेत आली की स्क्रू आत सोड, उजवीकडे फिरव. घट्ट लागला की थांब. तिथे आणखी अर्धा फेरा द्यावा असा फार मोह होतो. देऊ नकोस, आटे जातात. मग वरून एक थेंब नेलपॉलिश (माझी बाटलीही पाकिटात घातली आहे) आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. फुंकर घातली तर चालते, मी घालतो. तिची गरज नसते.

आणि आजच्या आज बाईंना नाव दे. पंधरा तारखेला यादी बंद होते. हे पाकीट तीन दिवसांत पोचेल, म्हणजे अकराला तुझ्या हातात. चार दिवस शिल्लक राहतात. जागा भरली असेल तर बाईंना सांग की माझ्या बाबाने घोळ घातला, हवं तर हे पत्र दाखव. फक्त नेलपॉलिशच्या बाटलीची गोष्ट झाकून दाखव.

आता पोस्टात निघालो. आईच्या पोस्टात नाही, स्टेशनाजवळच्या दुसऱ्या. तिला हे सगळं नंतर सावकाश सांगेन.

तुझा
बाबा


पोस्ट ऑफिस, त्याच दिवशी, दुपारचे चार

सही करून झाली होती, पण पुन्हा लिहावं लागतंय. इथलं पेन दोरीला बांधलेलं आहे, त्यामुळे अक्षर तिरकं येईल.

स्टेशनाजवळच्या पोस्टाची खिडकी रंगकामासाठी बंद निघाली. दारावर चिठ्ठी, पार्सलं मोठ्या पोस्टात द्यावीत. मोठं पोस्ट म्हणजे आई. मी रांगेत उभा राहिलो, माझ्यापुढे सात माणसं. तिने मला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. कामावर ती कुणाची बायको नसते.

नंबर आला. "साहेब, आत काय आहे?"

"पत्र."

तिने पाकीट हातात घेऊन जोखलं. "पत्र एवढं जड नसतं. फॉर्मवर लिहावं लागेल. काय आहे?"

"स्क्रूड्रायव्हर," मी म्हटलं. "चार स्क्रू. आणि नेलपॉलिश."

मागच्या माणसाला हसू आलं. आई हसली नाही. "पातळ पदार्थ टपालाने जात नाही. बाटली काढा."

मी बाटली काढली. तिने ती हातात धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटावरचा तुझा पत्ता वाचला. काचेपलीकडून मला दिसलं की तिला सगळं कळलं. नुसतं बाटलीवरून आणि पत्त्यावरून, एक ओळही न वाचता.

"कुठली काडी?" ती हळूच म्हणाली.

"डावी."

"हं."

या खेपेला मला त्या "हं"चा नंबर लागला. ती रागावली नव्हती. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. शेवटचा रकाना होता, न पोचल्यास काय करावे, आणि त्यापुढे दोन चौकोन, पाठवणाऱ्याकडे परत किंवा पुन्हा प्रयत्न. तिने बोट दुसऱ्या चौकोनावर ठेवलं. मी तिथेच खूण केली.

मग म्हणाली, "बंद करू नका अजून. इकडे द्या." तिचं खाली आहे.

*घुबडे, मी बाबाचं पत्र वाचलेलं नाही, परवानगी नसते. शिबिराला जा. जाताना उबदार काहीतरी घे. मी खंबीर आहे असं बाबाला वाटतं, ते तसंच राहू दे. रोज सकाळी टपालाची थैली उघडली की मी सगळ्यात आधी तुझं अक्षर शोधते, मग बाकीच्या गावाचं बघते. हे नियमात बसत नाही. — आई*

हे मी आत्ता वाचलं. मला काहीच माहीत नाही असं मी धरून चालतो, तूही धर.

मागची माणसं खोळंबली आहेत. बाटली माझ्या खिशात परत आली आहे. तू त्या झेलणाऱ्या मुलीकडून थेंबभर नेलपॉलिश माग, गुलाबी असलं तरी चालेल. आणि सुट्टीनंतर कधी घरी आलीस तर त्या स्टुलावर अशीच येऊन बस, चष्मा ठणठणीत असताना. मी तुझे पक्षी ऐकेन.

कळवायचं होतं ते कळवलं. आई शिक्का उचलून थांबली आहे.

तुझा बाबा,
आजपासून तुझा चष्मेवाला नाही